पासिंगपुरता दिवा

गाडी दुरुस्त करणं आणि आरटीओकडून गाडी पास करून आणणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मला धंद्याच्या पहिल्याच वर्षी कळलं. दुरुस्तीला दिवस लागतात. पासिंगला एक सकाळ पुरते. त्या एका सकाळी गाडी शहाण्यासारखी वागली पाहिजे, एवढंच. पुढे वर्षभर काय करायचं ते तिचं तिने बघावं. आम्ही सगळे असंच मानत होतो आणि त्यात आम्हाला काही गैर वाटत नव्हतं.

धुळ्याला आग्रा रोडच्या कडेला आमची चार दुकानं होती. दुकानं म्हणजे पत्र्याच्या टपऱ्याच. एका टपरीत इंजिनचं काम करणारे चाचा, दुसरीत पंक्चरवाला, तिसरीत पत्रा ठोकणारा आणि कडेच्या टपरीत मी, वायरिंगवाला. हॉर्न, दिवे, डायनामो, बॅटरी हे सगळं माझ्याकडे यायचं. चाचा वयाने माझ्या वडिलांएवढे होते. शब्द कमी आणि पाना जास्त, असा माणूस. त्यांचं माझं जमायचं, कारण मी दोघांच्या वाटचं बोलायचो.

आमच्या चौघांत मिळून एक सामान होतं. त्याला आम्ही पासिंगचं सामान म्हणायचो. चालणाऱ्या वायपरची एक जोडी, न फुटलेल्या मागच्या दिव्यांची एक जोडी, खणखणीत वाजणारा एक हॉर्न, जिची नक्षी अजून बोटाला लागते अशी एक स्टेपनी आणि लाल फुली रंगवलेली एक औषधाची पेटी. पेटीत कापसाचा गुंडाळा आणि आयोडीनची बाटली होती, आणि दोन्ही वर्षानुवर्षं तशीच होती. ज्याची गाडी पासिंगला जायची त्याच्या गाडीवर हे सामान चढायचं आणि पास झाली की उतरायचं. कुठे लिहून ठेवलेलं नसायचं. नियम एकच होता, आधी सामान परत, मग पेढे. कितीही उनाड ड्रायव्हर असला तरी हा नियम मोडायचा नाही, कारण पुढच्या वर्षी त्यालाही ते सामान लागणार असायचं. त्या सामानावर निम्म्या खानदेशातल्या जीपा पास झाल्या असतील. वरून कीर्तन, आतून तमाशा.

नव्वदनंतर दोन-तीन वर्षांनी धुराचा कागद आला. पेट्रोलपंपाच्या बाजूला एका खोलीत मशीन बसलं. मागच्या नळीत एक नळी घालायची, ॲक्सिलरेटर दाबून धरायचा, मशीन आकडा सांगणार, आणि आकडा बसला तर कागद मिळणार. त्या कागदाशिवाय पासिंग नाही. आमच्याकडच्या जीपांचा धूर म्हणजे वीटभट्टी. पंधरा-पंधरा माणसं आत, चार टपावर, दोन मागे लोंबकळत, असं ओढून ओढून त्यांची इंजिनं ढिली झालेली असायची. अशी इंजिनं डिझेलबरोबर खालचं ऑइलही जाळतात आणि निळा धूर सोडतात.

यावर उपाय इंजिन खोलण्याचा. पण त्याला दहा दिवस लागतात, आणि दहा दिवस गाडी उभी ठेवायला कोण तयार होणार? मग आमच्या ओळीत एक युक्ती निघाली. धुराच्या मशीनकडे जायच्या आधी इंजिनमधलं लिटर-दीड लिटर ऑइल काढून डब्यात ठेवायचं. ऑइल कमी, म्हणून वर उडणं कमी, म्हणून धूर कमी. तेवढ्या वेळापुरतं इंजिन सहन करतं. कागद मिळाला, पासिंग झाली, की डबा परत ओतायचा.

यात एक अडचण होती. ऑइल काढलं की समोरच्या बोर्डावरचा लाल दिवा लागायचा. इंजिनमध्ये ऑइलचा दाब नाही, गाडी थांबव, असं सांगणारा दिवा. आता दिवा लागलेली गाडी पासिंगच्या साहेबांसमोर कशी न्यायची? काहीजण बल्बच काढून टाकायचे. पण त्या वर्षी आलेले साहेब सरळ माणूस होते आणि हुशारही होते. ते आधी नुसती चावी फिरवायला लावत आणि दिवा लागतो का ते बघत. मग गाडी चालू करायला लावत आणि दिवा विझतो का ते बघत. बल्ब काढलेल्या चार गाड्या त्यांनी एका सकाळी परत पाठवल्या.

त्यावर तोड मी काढली. मी, दुसऱ्या कोणी नाही. बोर्डावर ऑइलच्या दिव्याशेजारी बॅटरी चार्जिंगचा दिवा असतो. चावी फिरवली की तो लागतो आणि गाडी चालू झाली, डायनामो फिरला, की विझतो. ऑइलच्या दिव्याची तार इंजिनवरून सोडवून मी या चार्जिंगच्या तारेला जोडून टाकली. आता चावी फिरवली की दोन्ही दिवे लागणार, गाडी चालू झाली की दोन्ही विझणार. इंजिनात ऑइल असो, नसो. साहेब बघत राहतील आणि त्यांना हवं तेच दिसेल. मी हे पहिल्यांदा चाचांना दाखवलं तेव्हा त्यांनी दोनदा चावी फिरवून पाहिलं. काम साफ होतं. जोडाला टेप गुंडाळून वर मेणाच्या दोऱ्याची गाठ मारायची माझी सवय होती, म्हणजे उन्हाने टेप सुटत नाही. ती गाठही त्यांनी बघितली. मग एवढंच म्हणाले, “बाद में वापस लगा देना. भूलना नहीं.”

भूलना नहीं. मी आठ-दहा गाड्यांना ते केलं आणि आठ-दहा गाड्यांचं परतही लावलं. सामान परत द्यायला गाडी यायचीच, तेव्हा दहा मिनिटांत तार जागेवर जायची. मी विसरणारा माणूस नव्हतो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून बघितलं की विसरलो म्हणून. ते खरं नाही.

माझी बहीण, आमची अक्का, पिंपळनेरला दिली होती. दाजींची स्वतःची जीप होती. पिंपळनेर, साक्री, धुळे अशी दिवसाला एक खेप आणि जमलं तर दोन. दाजी उंच, शांत, आणि मनात काही ठेवता न येणारा माणूस. पत्ते खेळताना हातात राजा आला की ते घाम पुसायचे. आम्ही त्यावरून त्यांची फार टिंगल करायचो.

अक्काला लग्नानंतर सहा वर्षांत दिवस राहिले नव्हते असं नाही, मूल टिकलं नव्हतं. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे आमच्याकडे झालं आणि मूल मेलेलंच आलं. दुसऱ्या वेळी पाचव्या महिन्यात गेलं. आता तिसऱ्यांदा आठवा लागला होता. तिच्या सासूने सांगून टाकलं की माहेरचा उंबरा हिला लाभत नाही, या वेळी बाळंतपण इथेच होईल. आईने पदर डोळ्याला लावला. धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी अक्काला तपासलं तेव्हा मी आणि दाजी बाहेर बाकावर होतो. बाईंनी आम्हाला आत बोलावून सांगितलं की मूल आडवं आहे, घरी किंवा गावातल्या सुईणीकडे काही करू नका, कळा सुरू झाल्या की तडक इथे आणा. पोट फाडून काढलं तर दोघं वाचतील. उशीर झाला तर काही सांगता येत नाही. दाजींनी विचारलं, तडक म्हणजे किती वेळात? बाई म्हणाल्या, जेवढ्या लवकर तुमची जीप येईल तेवढ्या लवकर.

तेव्हापासून दाजींचा जीव जीपमध्ये अडकला होता. आणि नेमकी त्याच महिन्यात जीपची पासिंग संपत होती.

त्यांनी जीप आमच्याकडे आणली तेव्हा चाचांनी बॉनेट उघडून पाच मिनिटं नुसतं ऐकलं. गाडी जागेवर उभी असताना लाल दिवा मधूनच डोळा मारायचा आणि वेग दिला की विझायचा. दाजी म्हणाले, दोन महिन्यांपासून असं चाललंय, म्हणून मी रोज सकाळी काठी काढून ऑइल बघतो आणि रोज थोडं थोडं ओततो. चाचा म्हणाले, ऑइल पिते आहे, बेअरिंग घासली आहेत, इंजिन खोलावं लागेल, दहा दिवस ठेवा. दाजी माझ्याकडे वळले. त्यांच्या घरातल्या बोलीत ते फार क्वचित बोलायचे माझ्याशी, शहरातला म्हणून जरा जपूनच बोलायचे. त्या दिवशी ते जपणं गेलं.

“तुन्ही बहीणना दिवस भरी ऱ्हायनात,” ते म्हणाले. “गाडी दारमा पाहिजे.”

दहा दिवस गाडी धुळ्यात पडली आणि त्याच दहा दिवसांत कळा सुरू झाल्या तर? पासिंग नसलेली गाडी रस्त्यावर अडवली तर? दोन्ही प्रश्न बरोबर होते. मी म्हटलं, इंजिन बाळंतपणानंतर खोलू, आता पास करून घेऊ. चाचांनी पाना पुसायला घेतलेलं फडकं तसंच हातात ठेवलं. बहीण माझी होती, निर्णय माझा होता.

मी तार जोडली, पण दाजींना सांगितलं नाही. कारण सांगितलं आहे, त्यांच्या तोंडावर सगळं दिसायचं. साहेबांनी चावी फिरवायला लावली असती आणि दाजींनी घाम पुसला असता. म्हणून मी त्यांना म्हटलं की दिव्याच्या तारेत थोडा घोळ होता तो काढला, आता डोळा मारणार नाही. पास झाल्यावर सांगू, असं मी ठरवलं होतं. ते म्हणाले, “दिवा बंद शे म्हणजे तेल शे ना?”

आमच्या आईची बोली माझ्या तोंडात क्वचित यायची. का कोण जाणे, तेव्हा आली. मी म्हटलं, “बठ्ठं ठीक शे, दाजी.” सगळं ठीक.

सकाळी ऑइल काढून डब्यात घेतलं. दाजींना म्हटलं, दिवा लागण्याइतकं काढलेलं नाही. धुराच्या मशीनचा आकडा बसला. मैदानावर साहेबांनी चावी फिरवायला लावली, दोन दिवे लागले. गाडी चालू झाली, दोन्ही विझले. साहेबांनी हॉर्न वाजवून घेतला, पेटी उघडून कापूस बघितला, स्टेपनीवर नखाने टोचून पाहिलं आणि सही केली. मी मैदानाच्या कडेला लिंबाखाली उभा राहून हे बघत होतो आणि मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. खोटं कशाला बोलू, फार कौतुक वाटत होतं.

दाजींनी मैदानातच डबा ओतला. दुकानावर यायचं होतं, पण रस्त्यावरच पिंपळनेरची सीट मिळाली, आणि अक्का घरी अवघडलेली म्हणून ते तसेच निघाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टेपनी, वायपर, दिवे आणि पेटी दुसऱ्या जीपवाल्याबरोबर पाठवून दिलं. सोबत पेढेही. नियम त्यांनी पाळला. फक्त हॉर्न राहिला. त्यांचा स्वतःचा हॉर्न फुटका होता, म्हणून निरोप दिला होता की हॉर्न मी स्वतः येऊन देतो.

सामान परत आलं, आणि गाडी आली नाही. मागून नेलेली वस्तू परत द्यायची असते हे आमच्यात सगळ्यांना माहीत होतं. तार कोणी मागून नेलेली नव्हती. ती मागायला कोण येणार?

त्यानंतर ते दोनदा दुकानावर आले, हॉर्न मात्र बाळंतपणापर्यंत राहू दे म्हणाले. पहिल्यांदा माझ्या हातात एका ट्रकचा डायनामो उघडा होता. चहा घेतला आणि ते उभ्या उभ्या गेले. दुसऱ्यांदा मी मोकळा होतो. अगदी मोकळा. दाजी आनंदात होते. ते चाचांना, पंक्चरवाल्याला, सगळ्यांना सांगत होते की भाऊने हात लावल्यापासून दिव्याने एकदासुद्धा डोळा मारला नाही. रोज सकाळी काठी काढून बघायची कटकट गेली, आता आठवड्याला बघतो. बायकोला पण सांगितलं, तुझ्या भावाचा हात लाभला.

त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. दाजी, हात बित काही लाभला नाही, तो दिवा आंधळा केलाय, या इकडे, दहा मिनिटं बसा. एवढंच वाक्य. पण चौघांसमोर माझं कौतुक चाललं होतं, आणि ज्याचं कौतुक चाललं होतं ते खोटं होतं हे त्याच चौघांसमोर सांगायला माझी जीभ रेटेना. म्हटलं, पुढच्या खेपेला एकटे असतील तेव्हा सांगू. ते गेल्यावर चाचांनी मला विचारलं, तार परत लावली ना? मी म्हटलं, “लगा दिया, चाचा.”

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो आहे. बिलं वाढवली आहेत, जुनी बॅटरी धुऊन नवी म्हणून विकली आहे. त्यांचं मला काही वाटत नाही. ही दोन शब्दांची गोष्ट मात्र जेवताना घशाशी येते.

चैत्राच्या उन्हात, दुपारी बाराच्या सुमाराला, शेजारच्या किराणा दुकानात पिंपळनेरहून फोन आला. अक्काला कळा सुरू झाल्या, तीन आठवडे आधीच, आणि दाजी तिला घेऊन निघाले आहेत. बरोबर तिची सासू. मी आईला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, त्यांनी तयारी करून ठेवायला सांगितली. दोन-सव्वादोनपर्यंत जीप यायला हवी होती. मी फाटकापाशी उभा राहिलो. अडीच झाले. तीन झाले. रस्त्यावर जीप दिसली की मी पुढे जायचो आणि ती दुसऱ्याची असायची.

त्या फाटकापाशी मला कळलं. कोणाला सांगावं लागलं नाही. ऊन असं होतं की डांबर चिकटत होतं, जीपमधलं ऑइल आठवडाभर कोणी बघितलेलं नव्हतं, आणि दाजी जीव घेऊन दामटत असणार. दामटता दामटता समोर बघत असणार, आणि समोर दिवा विझलेला असणार.

दवाखान्यातल्या कंपाउंडरची स्कूटर मागून घेतली आणि साक्रीच्या रस्त्याला लागलो. कुसुंबा मागे पडलं. नेरच्या अलीकडे, एका मोठ्या वळणानंतर, जीप दिसली. बॉनेट उघडं, चारही दारं उघडी. कोणी नव्हतं. मागच्या बाकावर एक पातळ ओलं होऊन पडलं होतं आणि पाण्याची कळशी आडवी झाली होती. शेजारच्या शेतातला एक म्हातारा बांधावरून आला. म्हणाला, गाडी खडखड करत आली, मोठा आवाज झाला आणि जागीच बसली. पाऊण तास कोणी थांबेना. शेवटी कांद्याच्या ट्रॅक्टरवाल्याला आम्ही आडवे झालो, ट्रॉलीतले कांदे खाली ओतले आणि बाईला ट्रॉलीत घातलं. आत्ताच गेले. म्हणजे तो ट्रॅक्टर माझ्या समोरून गेला होता. मी जीप शोधत होतो, म्हणून ट्रॉलीकडे बघितलंच नव्हतं.

मी काठी काढून बघितली. कोरडी. टोकाला काळं काहीतरी चिकटलं होतं, तेवढंच. मग मी ड्रायव्हरच्या जागेवर बसलो. चावी तशीच होती. फिरवली. दोन दिवे लागले, लाल आणि स्वच्छ, मी केले होते तसे. इंजिन जाम झालेलं, रस्त्यावर कांद्यांचा ढीग, आणि माझं काम मात्र चोख चाललेलं होतं.

खिशात पक्कड होती. बोर्डाखाली हात घातला तर बोटाला ती मेणाच्या दोऱ्याची गाठ लागली. तोडून टाकावी असं मनात आलं, लपवत नाही. तोडली नाही. सज्जनपणा आला म्हणून नाही. तो म्हातारा दाराशी उभा राहून बघत होता म्हणून. मी चावी बंद केली आणि स्कूटर वळवली.

ट्रॉलीचे हादरे अक्काला सोसेनात म्हणून ट्रॅक्टर कुसुंब्याच्या पुढे रस्त्याच्या कडेला थांबवला होता. सासू ट्रॉलीत लुगड्याचा आडोसा धरून बसली होती. दाजी खाली, चाकाला टेकून, उकिडवे. त्यांच्या हाताला कांद्याची माती होती. मला बघून ते उठले नाहीत. मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, “दिवा तं बंद व्हता.” पुन्हा तेच म्हणाले. मी सारखा दिव्याकडे बघत होतो, इंजिन वाजायला लागलं तेव्हा पण बघितलं, दिवा बंद होता म्हणून थांबलो नाही, असं ते मला समजावून सांगत होते. मला. त्यांना वाटत होतं की त्यांचंच काहीतरी चुकलं आणि ते माझ्याकडे माफी मागत होते.

मी ट्रॅक्टरवाल्याला पुन्हा निघायला लावलं आणि दवाखान्यापर्यंत स्कूटरने त्याच्या पुढे राहिलो. अक्का वाचली. डॉक्टरीणबाईंनी संध्याकाळपर्यंत झगडून तिला वाचवलं. मुलगी होती. पूर्ण वाढलेली, डोक्यावर दाट केस, आणि मेलेली. बाईंनी आईला सांगितलं की तासभर आधी आणलं असतं तर. आईने ते मला सांगितलं आणि मी भिंतीकडे तोंड केलं. पुढे अक्काला मूल व्हायचं नाही हेही बाईंनी त्याच दिवशी सांगितलं.

जीप ओढून चाचांच्या दुकानावर आणली. चाचांनी इंजिन खोललं. बेअरिंगा वितळून चिकटल्या होत्या. त्यांनी बोर्डाखाली वाकून बघितलं, माझी गाठ तिथेच होती. मग बाहेर येऊन हात धुतले. त्या दिवसानंतर त्यांनी माझ्याकडचा चहा घेतला नाही आणि कुठल्याही गाडीचं वायरिंगचं काम मला सांगितलं नाही. पंक्चरवाल्याला वाटलं आमचं पैशावरून काही बिनसलं.

दाजींना ती गाडी पुन्हा चालवायची नव्हती. भंगारवाल्याला द्यायच्या आदल्या दिवशी ते आले आणि चाचांच्या दुकानापुढे उभ्या असलेल्या जीपमधून एकेक आपली वस्तू काढत बसले. देवाचा फोटो, आरसा, अक्काने विणलेलं झुंबर. मी माझ्या टपरीत मान खाली घालून एका बॅटरीत पाणी भरत होतो. बराच वेळ झाला. त्यांना पाना लागतो का, म्हणून विचारायला जावं असं वाटलं आणि गेलो नाही. शेवटी ते माझ्या टेबलापाशी आले. हातात हॉर्न होता, पुसून चकचकीत केलेला. तो टेबलावर ठेवला. पासिंगचं सामान पुरं झालं.

मग खिशातून त्यांनी वीतभर तार काढली. दोन तारा, एका जोडात, वर टेप आणि टेपवर मेणाच्या दोऱ्याची गाठ. हॉर्नची वायर काढताना हाताला लागली असणार. ते वायरिंगमधले नव्हते, पण गाडी त्यांची होती आणि गाठ कोणाची हे खानदेशातला कुठलाही ड्रायव्हर ओळखत होता. त्यांनी ती हॉर्नच्या शेजारी ठेवली, जोड माझ्याकडे करून.

“हाई तुन्हं शे,” ते म्हणाले.

त्यांच्या तोंडावर सगळं दिसायचं असं मी म्हटलं आहे. त्या वेळी काही दिसलं नाही. मी काहीतरी बोलायला उठलो, पण ते तोपर्यंत रस्त्यापलीकडे गेले होते आणि साक्रीकडे जाणाऱ्या एसटीला हात करत होते.

ती युक्ती मी पुन्हा केली नाही. पण बाकीच्यांनी ती माझ्याकडून उचललेली होती आणि पुढची कैक वर्षं त्या रस्त्यावर पासिंगपुरते दिवे लागत आणि विझत राहिले. मी एक-दोघांना अडवून बघितलं. ते हसले. म्हणाले, तूच तर शिकवलंस. पासिंगचं सामान मी नंतर माझ्या टपरीत ठेवू दिलं नाही.

दाजींनी अक्काला सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते मी विचारलेलं नाही, आणि विचारायचा मला हक्कही नाही. तिला वाटतं नशीब. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी येते, आता आई नाही तरी येते, आणि दाजी तिला न्यायला येतात. माझ्या बायकोपुढे, पोरांपुढे ती त्या दिवसाची गोष्ट काढते. रडत नाही आता. तिचं सांगणं एका जागी येऊन थांबतं आणि ती माझ्या पाठीवर हात ठेवते.

“मन्हा भाऊनी पासिंग करी दिन्ही म्हनीसन गाडी दारमा व्हती,” ती म्हणते. “नही ते मी बी नही वाचती.”

गेल्या आखाजीलाही म्हणाली. पोरं ऐकत होती. दाजी समोर बसले होते, कप रिकामा करून त्यांनी बशीत ठेवला आणि बशीकडेच बघत राहिले. माझ्या पाठीवर तिचा हात होता. मी त्यांना विचारलं, अजून चहा घ्याल का. ते म्हणाले, अर्धा.